दुरुस्तीला आलेली खुर्ची

मी, खाली सही करणारा, सगळे मला सीटवाला म्हणून ओळखतात, वय एक्केचाळीस वर्षे, धंदा गाड्यांच्या सीटा शिवणे व दुरुस्त करणे, दुकान वजनकाट्याच्या रस्त्यावर बॅटरीच्या दुकानाला लागून, राहणार पाण्याच्या टाकीमागची इमारत, दुसरा मजला. आज रोजी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, कोणीही दरडावलेले नसताना, विचारल्यावरून समक्ष सांगतो की:

वरील पत्त्यावर मी, माझी बायको आणि बायकोची पहिल्या लग्नाची मुलगी असे तिघे राहतो. मुलगी आठ वर्षांची आहे. एका जागी बसत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. बायको दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करते. मुलीचे वडील रस्त्यांची मोजणी करतात आणि पुलापलीकडे राहतात. त्यांनीही दुसरं लग्न केलं आहे. त्यांच्या पत्नी चष्म्याच्या दुकानात कामाला आहेत. आमच्या घरात त्यांना 'तिकडच्या बाई' म्हणतात. तिकडच्या घरात मला काय म्हणतात ते माहीत नाही, आणि विचारायची हिंमतही नाही.

मुलीशी नातं काय लिहू, असं जबाब घेणाऱ्या पोलीस बाईंनी विचारलं. मी म्हटलं, आईचा नवरा लिहा. मुलगी तुम्हाला काय म्हणते, असंही त्यांनी विचारलं. मुलगी मला 'ऐका ना' म्हणते. बाबा म्हणायला तिला तिचे बाबा आहेत. काका म्हणावं तर तिला एक सख्खा काका आहे आणि तो तिला मुळीच आवडत नाही. त्यामुळे दोन वर्षं 'ऐका ना'वर आमचं भागतंय. हे त्यांनी लिहून घेतलं की नुसतं ऐकलं, ते मी पाहिलं नाही.

मुलगी आठवड्यातले काही दिवस आमच्याकडे आणि काही दिवस तिकडे असते. ज्या दिवशी ती ज्यांच्याकडे, त्यांनी तिला सकाळी शाळेत सोडायचं आणि दुपारी आणायचं, असं कोर्टात ठरलं. पण बायकोची पाळीची ड्यूटी दुपारी संपत नाही आणि वडील कायम कुठल्यातरी रस्त्यावर उभे असतात. म्हणजे मुलगी त्या दोघांची आणि खेपा आम्हा दोघांच्या, माझ्या आणि तिकडच्या बाईंच्या. याबद्दल माझी तक्रार नाही. नव्हतीही.

मुलीचे आईवडील एकमेकांशी बोलत नाहीत. बोलले की न बोललेलं बरं असं होतं. एकदा मुलीची छत्री कोणाकडे राहिली इथून सुरुवात झाली आणि लग्नाच्या दिवशी कोणाकडचे लोक उशिरा आले होते तिथपर्यंत गेलं. म्हणून सुरुवातीला मी आणि तिकडच्या बाई फोनवर खेपा ठरवायचो. पण त्यांचा फोन आला की बायको भांडी जरा जोरात ठेवायची. तिकडेही काहीतरी होत असावं, कारण बाई हळू आवाजात बोलायच्या. बोलायचं काय, तर 'उद्या जमेल का' आणि 'जमेल'. आता 'जमेल' हा शब्द कुजबुजून म्हटला की ऐकणाऱ्याच्या मनात भलतंच येणार. आमच्या मनात काही नव्हतं. पण ते सांगायला जाणं म्हणजे आणखी संशय. मग आम्ही फोन बंद केला.

त्याऐवजी खुर्ची सुरू झाली. खुर्ची म्हणजे गाडीच्या मागच्या सीटवर लहान मुलांसाठी पट्ट्याने बांधतात ती. मुलगी अंगाने बारीक आहे, तिला अजून लागते, आणि खुर्ची बांधलेली नसेल तर शाळेचा दरवान तिला कोणाच्याच गाडीत बसू देत नाही. खुर्ची एकच आहे. दुसरी घ्यायची ठरलं तेव्हा ती कोणी निवडायची यावरून इतकं पेटलं की असू दे एकच, म्हणून सगळे गप्प बसले. मग ज्याच्याकडे खुर्ची त्याची खेप, असा नियम आपोआप पडला. ज्याला जमणार नसेल त्याने दुपारच्या आत खुर्ची दुसऱ्याच्या दुकानात नेऊन ठेवायची. का, कशाला, काही विचारायचं नाही. मी चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे ठेवून यायचो. बाई माझ्या दुकानात रेक्झिनच्या गुंडाळ्यांजवळ ठेवून जायच्या. कधी कधी आठवडा आठवडा आम्ही एकमेकांना दिसायचोही नाही, पण एकही खेप चुकली नाही. आईवडिलांना यातलं काही माहीत नव्हतं. आपण ठरवलेल्या वारांप्रमाणे सगळं सुरळीत चाललंय असं ते समजून होते. मुलीला मात्र माहीत होतं. तिला कोणी सांगितलं ते मला ठाऊक नाही, मी तरी नाही.

आज गुरुवार. गुरुवार तिकडचा. सकाळी तिकडच्या बाई मुलीला शाळेत सोडायला घरातून निघाल्या. त्या वेळी मी फोम आणायला गेलो होतो. परत आलो तर दुकानात गुंडाळ्यांजवळ खुर्ची होती आणि शेजारचा बॅटरीवाला दारात उभा राहून वाट बघत होता. तो म्हणाला, "तुमच्या त्या बाई येऊन गेल्या. पोरगीपण होती गाडीत. पट्टा उसवलाय, शिवून ठेवा म्हणाल्या. आता शाळेपर्यंत मागच्या सीटवर धरून बसवते म्हणाल्या." मी म्हटलं, "माझ्या बाई नाहीत त्या." तो म्हणाला, "बरं, तुमच्या नसलेल्या बाई." त्याला चेष्टेला विषय लागतो.

मी पट्टा पाहिला. बक्कलजवळची शिलाई चांगली तीन बोटं उसवली होती. कारखान्यात बारीक दोरा वापरतात आणि खुर्चीवर वाघाचं चित्र लावतात. मी जाड दोऱ्याने दुहेरी टीप मारली. मग ओढ बघायची म्हणून दुकानाच्या बाजूच्या बोळात एका गिऱ्हाइकाची गाडी उभी होती, पुढच्या सीटा काढलेल्या, तिच्या मागच्या सीटवर खुर्ची बांधली आणि गुडघा रोवून पट्टा ओढला. तो हलला नाही. समाधान झालं. खुर्ची तिथेच राहू दिली आणि मी आत मशीनवर बसलो.

खुर्ची आपल्याकडे आहे म्हणजे खेप आपली, हे तुमच्या डोक्यात का आलं नाही, असं मला दोनदा विचारण्यात आलं. त्याचं उत्तर असं की, माझ्या दुकानात दुरुस्तीला आलेली वस्तू गिऱ्हाइकाची असते. माझ्याकडे असते, पण माझी नसते. लोकांच्या सीटा माझ्याकडे महिना महिना पडून राहतात, म्हणून काय मी त्यांच्या गाड्या चालवायला जात नाही. खुर्ची शिवायला आली, तेव्हा शाळा सुटायच्या आत बाई येऊन घेऊन जातील असं मी धरलं. बाईंनी काय धरलं ते त्यांच्या जबाबात येईल. मघाशी व्हरांड्यात त्या मला एवढंच म्हणाल्या, "दुपारच्या आत ठेवली होती ना हो मी." हे बरोबर आहे. ठेवली होती. आणि माझंही बरोबर आहे. दोघांचंही बरोबर असताना मुलगी शाळेच्या दारात एकटी कशी उभी राहिली, हे माझ्या अजून नीट लक्षात आलेलं नाही. पोलीस बाईंनी कागदाच्या मागच्या बाजूला बाण काढून पाहिले. त्यांच्याही लक्षात आलं असं वाटत नाही.

मशीन चालू असलं की मला फोन ऐकू येत नाही. दोरा संपला म्हणून थांबलो तेव्हा बायकोचा फोन वाजत होता आणि तो पहिला नव्हता. ती म्हणाली, "आज आणायचं कोणाकडे आहे?" मी म्हटलं, "त्यांच्याकडे. गुरुवार आहे." ती म्हणाली, "त्यांनी नाही आणली. शाळेतून फोन आला, वर्गाच्या बाई म्हणतात ती आत्ता दारात होती आणि आता नाहीये." नंतर कळलं ते असं की मुलीने दरवानाला आमची गाडी कोपऱ्यावर थांबली आहे असं सांगितलं, आणि तो त्या वेळी दुसऱ्या कोणाशी तरी हुज्जत घालत होता, त्याने मान हलवली.

मी शटर ओढलं, गाडी काढली आणि शाळेकडे गेलो. जाताना बोळात पाहिलं नाही. हे पुन्हा पुन्हा विचारलं जातंय म्हणून पुन्हा सांगतो, नाही पाहिलं. बोळात गिऱ्हाइकाची सीटा काढलेली गाडी होती. तिच्यात बघण्यासारखं काय असणार होतं?

शाळेच्या मागची गल्ली, खेळायचं मैदान, वह्यांचं दुकान, बस थांबा, सगळीकडे विचारलं. लोक तिचं वर्णन विचारत होते. मला वेण्या दोन की एक ते आठवेना. रोज मी तिला गाडीच्या आरशात पाहतो, आणि आरशात तिचं फक्त कपाळ दिसतं. शाळेपासून माझ्या दुकानापर्यंत यायचं तर मधे मोठा चौक आहे, तिथे गाड्या कोणासाठी थांबत नाहीत. त्या चौकात मी गाडीतून उतरलो आणि रस्त्यावर खाली बघत चाललो. तिचा बूट पडलेला दिसेल असं सारखं वाटत होतं. हे लिहिलं तरी चालेल.

तिथून मी ठाण्यात आलो. मुलीचे वडील आणि तिकडच्या बाई माझ्या आधी आलेले होते. वडील ठाण्यातल्या साहेबांना सांगत होते, "खुर्ची यांच्याकडे, दुकान बंद, फोन उचलत नाहीत. अजून काय पाहिजे तुम्हाला?" मीच मुलीला कुठेतरी नेऊन ठेवलं आहे अशी तक्रार त्यांना द्यायची होती. त्याबद्दल मला राग नाही. त्यांच्या जागी असतो तर मीही तेच म्हटलं असतं, बहुतेक आणखी वाईट शब्दांत.

तेवढ्यात बायको दवाखान्यातला पांढरा कोट तसाच अंगावर घेऊन आली. तिथे खुर्चीच्या नियमाची गोष्ट पहिल्यांदा बाहेर आली. दोघांनीही आम्हा दोघांकडे असं पाहिलं की जणू आम्ही त्यांच्या नकळत घर विकलं. बायको म्हणाली, "गुरुवार तुमचा होता." वडील म्हणाले, "खुर्ची तुमच्याकडे होती." साहेब म्हणाले, आधी मुलगी शोधू. पण ते ऐकायला कोणी तयार नव्हतं. शेवटी वडील म्हणाले, "आज ज्याची खेप होती त्याने यापुढे पोरीला आणायला जायचं नाही. कधीच नाही." बायको म्हणाली, "मान्य." त्या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. वडिलांना खात्री होती की खेप माझी. बायकोला खात्री होती की खेप बाईंची. मला आणि बाईंना कसलीच खात्री नव्हती.

साहेबांनी ती खुर्ची आहे कुठे असं विचारलं. मी सांगितलं, बोळात, गिऱ्हाइकाच्या गाडीत. ती घेऊन या, असं म्हणून त्यांनी पोलीस बाईंना माझ्याबरोबर पाठवलं. आम्ही दुकानापाशी उतरलो. बॅटरीवाला त्याचं दुकान बंद करून कुठेतरी गेला होता. बोळात ऊन उतरलं होतं. गाडीची मागची काच अर्धी खाली होती.

मुलगी खुर्चीत बसलेली होती. पट्टा स्वतःच बांधलेला, दप्तर पायाशी, डब्याचं झाकण मांडीवर. ती मला म्हणाली, "ऐका ना, किती वेळ."

पोलीस बाईंनी तिला विचारलं, तू इथे कशी आलीस. ती म्हणाली, "चालत." मोठा चौक कसा ओलांडला? "एका आजींचा हात धरला. त्यांना खरं तर पलीकडे जायचं नव्हतं." शाळेत का थांबली नाहीस? "थांबले होते. हे मशीनवर बसले की यांना घड्याळ दिसत नाही. सकाळी खुर्ची यांच्याकडे ठेवली ना. मग मी यांच्याकडेच येणार." आणि शटर बंद होतं तेव्हा भीती नाही वाटली? ती म्हणाली, "खुर्ची होती की इथे. खुर्ची इथे आहे म्हणजे हे येणारच."

मी पट्टा सोडायला गेलो. बक्कल चांगली आहे, एका बोटाने सुटते. माझ्याकडून सुटेना. शेवटी पोलीस बाईंनी सोडली. वेण्या दोन होत्या.

ठाण्यात आल्यावर तिची आई तिला धरून रडली. वडिलांनी तिचे हातपाय चाचपून पाहिले आणि तेही तोंड फिरवून उभे राहिले. थोड्या वेळाने दोघेही पुन्हा त्याच गोष्टीवर आले. खेप कोणाची होती ते जबाबात येऊ दे, म्हणजे प्रश्न मिटेल. मी आत यायच्या आधी बायको माझ्या कानाशी म्हणाली, "गुरुवार त्यांचा, एवढंच सांग. खोटं थोडंच आहे ते." खोटं नाहीच. वार पाहिला तर खेप तिकडचीच होती.

पण तसं लिहिलं तर तिकडच्या बाईंच्या खेपा बंद होणार. त्यांना मूल नाही. मलाही नाही. आम्ही व्हरांड्यात बाकावर दोन टोकांना बसलो होतो आणि मधे ही खुर्ची ठेवलेली होती. त्या म्हणाल्या, "पुलावर आली की गाते का हो तुमच्याकडे?" मी म्हटलं, गाते. त्या म्हणाल्या, "सूर कसला नाहीच." मी म्हटलं, नाहीच. इकडच्या घरात ती आईची असते, तिकडच्या घरात वडिलांची. पुलावर ती कोणाचीच नसते, तेव्हा गाते. गाडीत ती मला जे सांगते ते घरात कोणाला सांगत नाही, आणि तिथे काय सांगते ते मी इथे सांगणार नाही, कारण त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही. ते बंद झालं तर माझं काय होईल हे मी बायकोला कधी सांगितलेलं नाही. ती ऐकून हसली असती. सीटा शिवणाऱ्याला खेपेचं काय एवढं, असं कोणीही म्हणेल.

तरी मी पोलीस बाईंना म्हटलं, लिहा. खेप माझी होती. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, मघापासून तुम्ही सांगताय की नव्हती. मी म्हटलं, मला समजत नव्हतं, आताही सगळं समजलंय असं नाही. पण आठ वर्षांची मुलगी तो चौक ओलांडून आली ती खेप माझी आहे असं धरून. खेप माझी नव्हती असं मी लिहून दिलं तर ती चुकली असं होईल. ती चुकलेली नाही. आम्ही चौघं मोठी माणसं चुकलो असू, ते ज्याचं त्याने बघावं. नियमाप्रमाणे वागलेली आज ती एकटीच होती. शाळेच्या दारात मी असायला हवा होतो आणि नव्हतो. तिकडच्या बाईंचा यात दोष नाही. बायकोला हे आवडणार नाही, ते मी घरी गेल्यावर निस्तरीन.

हे लिहून होत असताना समोरच्या खिडकीतून ठाण्याचं आवार दिसत होतं. तिकडच्या बाई बाकावरची खुर्ची उचलून आवारात आल्या. मला वाटलं स्वतःच्या गाडीकडे जातील. त्या माझ्या गाडीपाशी गेल्या, मागचं दार उघडलं आणि वाकून खुर्ची बांधायला लागल्या. मुलगी बाजूला उभी राहून पट्टा कुठून घ्यायचा ते दाखवत होती. मी शिवलेल्या जागी बाईंनी दोनदा ओढून पाहिलं. मग दार लावलं आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवून, आमच्या खिडकीकडे न बघता, आपल्या गाडीत जाऊन बसल्या.

आजची खेप तुमचीच होती असं त्यांना म्हणायचं होतं, की उद्याची तुमची असं म्हणायचं होतं, ते मला कळलेलं नाही. विचारायला मी जाणार नाही, कारण खुर्चीबद्दल काही विचारायचं नाही असंच आमचं ठरलेलं आहे. आईवडिलांनी काय ठरवलं ते मी वर सांगितलं आहे आणि ते मला ऐकू आलेलं आहे. तरीपण खुर्ची आज माझ्या गाडीत आहे. उद्या शाळा सुटायच्या वेळेला, मशीन बंद करून, मी दारात उभा असेन, एवढं या जबाबात यावं.

वरचं सगळं पोलीस बाईंनी मला पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखवलं. ते मी बोललो तसंच आहे, त्यात कोणी काही घातलेलं नाही. वाचताना एका जागी, मुलीशी नातं या ठिकाणी, त्यांनी आईचा नवरा खोडून 'ऐका ना' असं लिहिलेलं मला दिसलं. ते बदलायचं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, राहू द्या. बरोबर आहे म्हणून खाली सही केली.